सिंकथिंग : दोन शेडमधले फोल्डर जुळवते, परमिशन मात्र तुम्हालाच जुळवाव्या लागतात

अंबडला मशीनशॉप आणि शरणपूर रोडला ड्रॉइंग ऑफिस अशी विभागणी असलेल्या टूलरूम नाशिकमध्ये कमी नाहीत. ड्रॉइंगमध्ये बदल इकडे होतो, व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) प्रोग्रॅम तिकडे लागतो आणि मधला प्रवास पेनड्राइव्हवर नाहीतर व्हॉट्सॲपवर होतो. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल नवीन’ अशा तीन फाइली शेडमध्ये पोचल्या की चुकीच्या रिव्हिजनवर जॉब कापला जायला वेळ लागत नाही. सिंकथिंग हे अशा दोन जागांमधले फोल्डर आपोआप एकसारखे ठेवणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याला पैसे लागत नाहीत आणि फाइल मधे कुणाच्या क्लाउडवर साठत नाही. २०१३ पासून ते उपलब्ध आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत आतला डेटाबेस एसक्यूलाइटवर गेला, त्यामुळे जुन्यावरून नव्यावर जाताना पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. तेव्हा घाबरून मशीन बंद करू नका.

वेगाबद्दल आणि दिसण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते काम चोख आहे. अडचण सुरू होते ती एकाच फोल्डरमध्ये पडद्यामागची सर्व्हिसही लिहिते आणि माणसेही लिहितात तेव्हा. इन्स्टॉल केल्या दिवशी सगळे हिरवे दिसते. आठवड्याभरात ड्रॉइंगवाला म्हणतो, ‘फाइल मीच बनवली आणि आता मलाच सेव्ह होत नाही.’ किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणी काहीच म्हणत नाही आणि अंबडला जुनेच ड्रॉइंग उघडत राहते.

इथे धरलेली मांडणी अशी : दोन्ही जागी डेबियन लिनक्सवर चालणारे एकेक छोटे मशीन, ऑफिसातले विंडोज पीसी सांबामधून (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) त्यावरच्या शेअरवर काम करतात आणि त्याच मशीनवर सिंकथिंग सर्व्हिस म्हणून चालते. फोल्डर ‘/एसआरव्ही/कामे’, ग्रुपचे नाव ‘कामे’, सर्व्हिसच्या युजरचे नाव ‘सिंक’. कमांडची नावे आपण फोनवर सांगतो तशी लिहिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

फाइलचा मालक का बदलतो

सिंकथिंग पलीकडून आलेला बदल जुन्या फाइलमध्ये घुसवत नाही. ते त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल बनवते. लिनक्सवर तिचे नाव टिंब, सिंकथिंग, टिंब असे सुरू होते आणि ‘टीएमपी’ने संपते. सगळा मजकूर उतरून तपासून झाला की ती तात्पुरती फाइल मूळ नावावर रिनेम होते आणि जुनी जाते. वीज मधेच गेली तरी अर्धवट ड्रॉइंग मूळ नावाने दिसत नाही, ते याचमुळे. पद्धत योग्यच आहे, पण तिचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो : नवी फाइल ‘सिंक’ युजरने बनवलेली असते, म्हणून तिचा मालक ‘सिंक’ होतो.

सकाळी ड्रॉइंगवाल्याने ‘फिक्स्चर ११’ सेव्ह केले. मालक ‘ड्रॉइंग’, ग्रुप ‘कामे’, परमिशन ६६०, म्हणजे मालक आणि ग्रुप दोघांनाही लिहिता येते. दुपारच्या पाळीत अंबडला कुणी त्यात एक टॉलरन्स बदलला. बदल शरणपूर रोडला आला तेव्हा मालक ‘सिंक’ झाला. सिंकथिंगमधली ‘इग्नोर परमिशन्स’ची खूण (ती पुढे येते) चालू असेल आणि सर्व्हिसचा युमास्क (नव्या फाइलीतून कुठले हक्क वगळायचे तो आकडा) कुणी बदललेला नसेल तर परमिशन ६४४ झाली. म्हणजे मालकाला लिहिता येते, ग्रुपला फक्त वाचता येते. ड्रॉइंगवाला आता मालक राहिला नाही, तो ग्रुपमधला एक झाला. ‘फाइल रीड ओन्ली आहे’ हा संदेश तिथून येतो. कुणी मुद्दाम काही बिघडवलेले नसते.

अशा वेळी दोन चुकीचे उपाय केले जातात. पहिला म्हणजे सगळ्यावर ७७७ मारणे, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. पुढच्या बदलाला नवी फाइल पुन्हा ६४४ ने येते, त्यामुळे ७७७ दर आठवड्याला मारावे लागते आणि मधल्या काळात मशीनवरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला सगळे फोल्डर खुले राहतात. दुसरा म्हणजे सर्व्हिसच रूट (सगळे हक्क असलेला युजर) म्हणून चालवणे. असे केले की सिंकथिंग स्वतःच इशारा देते. तो इशारा ऐकावा : मग आलेल्या सगळ्या फाइलींचा मालक रूट होतो आणि आधी जे होते त्याहून वाईट होते.

नीट मांडणी

सगळा खेळ चार गोष्टींचा आहे : ग्रुप, सेटजिड, युमास्क आणि सिंकथिंगमधली एक खूण. चारपैकी तीन केल्या तर अर्धे काम होत नाही. जे बिघडते ते मग नुसते उशिरा बिघडते.

आधी ‘कामे’ ग्रुप बनवा आणि ‘सिंक’ युजर बनवताना त्याचा मुख्य ग्रुपच ‘कामे’ ठेवा. त्याला होम डिरेक्टरी द्यायलाच हवी. कॉन्फिगरेशन आणि डेटाबेस तिथेच राहतात, ती नसेल तर सर्व्हिस उठतच नाही. माणसांना ग्रुपमध्ये घालताना यूजरमॉड या कमांडला कॅपिटल जीच्या आधी छोटा ए विसरू नका. तो राहिला तर तो माणूस ‘कामे’मध्ये येतो, पण बाकीच्या सगळ्या जोड-ग्रुपमधून बाहेर फेकला जातो, ॲडमिनचे हक्क देणाऱ्या सुडोसकट. ॲडमिनने स्वतःवरच हे केले की रिकव्हरी मोडने मशीन उघडण्याची वेळ येते. ग्रुप बदलल्यावर माणसाने लॉगआउट होऊन परत आत यायचे आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. चालू प्रोसेसला नवा ग्रुप आपोआप कळत नाही. ‘ग्रुपमध्ये घातले तरी चालेना’ या तक्रारीचे कारण निम्म्या वेळा एवढेच असते.

मग फोल्डर. सगळ्या डिरेक्टरींना २७७० आणि सगळ्या फाइलींना ६६०. हे फाइंड वापरून, टाइप डी (डिरेक्टरी) आणि टाइप एफ (फाइल) वेगळे करून द्यावे. सरसकट चमॉड (परमिशन बदलणारी कमांड) कॅपिटल आरने २७७० दिले तर ड्रॉइंगच्या फाइलीही एक्झिक्युटेबल होतात आणि त्यांना सेटजिडही लागतो, ते नको. पुढचा २ हाच सेटजिड. त्यामुळे आत बनणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलीचा ग्रुप बनवणाऱ्याचा नसतो, डिरेक्टरीचा असतो, आणि नव्या पोटफोल्डरलाही तोच सेटजिड मिळतो. डिरेक्टरीच्या परमिशन बदलताना सिंकथिंग हा बिट काढून टाकत नाही, ही बाजू नीट विचार करून लिहिलेली आहे.

तिसरे, युमास्क. सिस्टमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमखाली) चालणाऱ्या सर्व्हिसचा नेहमीचा युमास्क ००२२ असतो. ग्रुपचा लिहिण्याचा हक्क तोच काढून घेतो. सिस्टमसीटीएल एडिटने ‘सिंकथिंग ॲट सिंक’ या युनिटला एक जोडपान लावायचे, त्यात सर्व्हिस या मथळ्याखाली ‘युमास्क बरोबर ०००७’ एवढी एकच ओळ. मूळ युनिट फाइलमध्ये खाडाखोड करू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. हे केल्यावर ‘सिंक’ने बनवलेल्या फाइली ६६० आणि फोल्डर २७७० ने येतात.

चौथी खूण वेब पानावर असते : फोल्डर, एडिट, ॲडव्हान्स्ड, ‘इग्नोर परमिशन्स’. लिनक्सवर ती मुळात बंद असते आणि या मांडणीत ती चालूच हवी. बंद असेल तर सिंकथिंग परमिशनचे नऊ बिटही एका मशीनवरून दुसऱ्यावर नेते. इकडे कुणी ६४४ केले की तिकडे मजकूर न बदलता फक्त चमॉड करायचा प्रयत्न होतो. तिकडे त्या फाइलीचा मालक ‘ड्रॉइंग’ असेल तर ‘सिंक’ला ते जमत नाही, कारण चमॉड फक्त मालकाला किंवा रूटला करता येते. लिहिण्याचा हक्क असला तरी चमॉडचा हक्क येत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. मग ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ लिहिलेली एक ओळ फेल्ड आयटम्सच्या यादीत पडते आणि फोल्डर कायमचा ‘आउट ऑफ सिंक’ दिसत राहतो. ही खूण प्रत्येक मशीनवर वेगळी लावावी लागते, एका ठिकाणी लावली म्हणजे दुसरीकडे लागत नाही. विंडोजवर ती लावायची गरज नाही, तिथे हे बिट तसेही पाहिले जात नाहीत.

फाइल चालते, फोल्डर अडतो

माणसाने बनवलेल्या गोष्टी सर्व्हिसला कधी अडवतात आणि कधी नाही, याचा नियम वरवर उलटा वाटतो. माणसाने ६४४ ने बनवलेली फाइल ‘सिंक’ला बदलता येते. कारण वर सांगितले तेच : ती बदलली जात नाही, तिच्या जागी नवी ठेवली जाते, आणि त्यासाठी हक्क फाइलीवर नाही तर डिरेक्टरीवर लागतो. पण माणसाने टर्मिनलवरून ७५५ ने बनवलेला ‘रिव्हिजन ३’ हा पोटफोल्डर सर्व्हिसला पूर्ण बंद. त्यात तात्पुरती फाइलही बनत नाही. झाडातला तेवढाच एक भाग जुना राहतो आणि बाकी सगळे ताजे, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

तिसरा प्रकार ६०० चा. काही प्रोग्रॅम सेव्ह करताना स्वतःची तात्पुरती फाइल फक्त मालकापुरती बनवतात आणि तीच मूळ नावावर आणतात. ती फाइल सर्व्हिसला वाचताच येत नाही, म्हणजे पलीकडे जातच नाही.

चौथा प्रकार एमव्हीचा, म्हणजे फाइल हलवण्याचा, आणि सगळ्यात जास्त वेळा हाच सापडतो. डाउनलोडमधून किंवा दुसऱ्या फोल्डरमधून फाइल त्याच डिस्कवर हलवली की ती जुना ग्रुप आणि जुनी परमिशन घेऊनच येते. सेटजिड नव्याने बनणाऱ्या फाइलींवर चालतो, हलवलेल्यांवर नाही. कॉपी केली तर नवी फाइल बनते म्हणून ग्रुप बरोबर लागतो. पण कॉपी करताना छोटा पी दिला तर परत जुन्याच परमिशन येतात. झिप आणि टार उघडतानाही आतल्या परमिशन बाहेर येऊ शकतात. पार्टीकडून आलेली टार सरळ शेअरमध्ये उघडण्याची सवय असेल तर ती मोडा, बाहेर उघडून कॉपी करा.

स्टिकी बिटही इथे नको. ‘एकाने दुसऱ्याची फाइल डिलीट करू नये’ म्हणून कुणीतरी पुढे १ लावते. स्टिकी असलेल्या डिरेक्टरीत फाइल काढणे किंवा तिच्या नावावर दुसरी आणणे फाइलीच्या मालकाला, डिरेक्टरीच्या मालकाला आणि रूटलाच जमते. माणसाने बनवलेल्या पोटफोल्डरमध्ये ‘सिंक’ यातला कुणीच नसतो. डिलीटपासून बचाव हवा असेल तर सिंकथिंगचे व्हर्जनिंग चालू करा. पण तेही पुरते समजून घ्या : जुनी प्रत तेव्हाच ठेवली जाते जेव्हा बदल दुसऱ्या मशीनवरून येतो. याच मशीनवर कुणी डिलीट केले तर या मशीनवर प्रत उरत नाही, ती पलीकडे असेल. आणि व्हर्जनचा फोल्डर शेअरच्या बाहेर ठेवा, नाहीतर जुन्या रिव्हिजन शोधात सापडतात आणि कुणीतरी त्याच उघडून बसतो.

कुठे अडले हे पाहायला नेमआय मायनस एल ही छोटी कमांड फार कामाची. पूर्ण मार्गातल्या प्रत्येक पायरीचा मालक आणि परमिशन ती एकाखाली एक दाखवते. आतला फोल्डर २७७० असला तरी वरच्या एखाद्या पायरीला एक्स नसेल तर आत शिरताच येत नाही. उबुंटूवर २१.०४ पासून नव्या युजरचे होम ७५० ने बनते, त्यामुळे शेअर कुणाच्या होममध्ये ठेवला असेल तर सर्व्हिस दारातच अडते. शेअर ‘/एसआरव्ही’मध्येच ठेवावा.

सांबाचे मास्क

विंडोजवरून येणाऱ्या फाइलींना माणसाचा युमास्क लागत नाही, सांबाचे मास्क लागतात. आणि सांबाचा मुळातला क्रिएट मास्क ०७४४ आहे, डिरेक्टरी मास्क ०७५५. म्हणजे वरची चारही कामे नीट करूनसुद्धा विंडोजवरून बनलेला प्रत्येक नवा फोल्डर सर्व्हिसला बंद. शेअरच्या भागात क्रिएट मास्क ०६६०, फोर्स क्रिएट मोड ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७०, फोर्स डिरेक्टरी मोड २७७० आणि फोर्स ग्रुप ‘कामे’ या पाच ओळी घाला. टेस्टपार्म या कमांडने तपासा आणि सांबा रीलोड करा.

यापेक्षा आखूड रस्ता आहे : फोर्स युजर ‘सिंक’. लॉगिन प्रत्येकाचे स्वतःचेच राहते, पण फाइली मात्र सगळ्यांच्या ‘सिंक’च्या नावाने बनतात. सर्व्हिस आणि माणसे एकाच मालकाच्या नावाने लिहीत असल्याने वरचे बहुतेक भांडण तिथेच मिटते. तीन-चार माणसांच्या ऑफिसला आम्ही हाच रस्ता सुचवू. जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्या. तोटा एकच आणि तो खरा आहे : फाइल कुणी बनवली हे मालकाच्या नावावरून कळत नाही. आयएसओ ऑडिटला ते विचारले जात असेल तर पाच ओळींचाच रस्ता घ्या.

सांबाने विंडोजसाठी लावलेले लॉक सिंकथिंगपर्यंत पोचत नाही, हेही इथेच सांगायला हवे. इकडे ड्रॉइंग उघडे असताना पलीकडून नवी प्रत आली तर ती येतेच. दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाला तर एक प्रत ‘सिंक कॉन्फ्लिक्ट’, तारीख आणि वेळ असे नाव घेऊन शेजारी पडते. हरवत नाही काही, पण कुठली खरी हे माणसानेच ठरवायचे.

एसीएल लावले असेल तर

एकापेक्षा जास्त ग्रुपना वेगवेगळे हक्क द्यायचे असतात तेव्हा एसीएल ही हक्कांची वेगळी यादी लावावी लागते, त्यासाठी सेटएफएसीएल ही कमांड. ‘क्यूसी’ला फक्त वाचणे, ‘कामे’ला लिहिणे असे. डिरेक्टरीवर डीफॉल्ट एसीएल लावला की आत बनणाऱ्या फाइलींना युमास्क लागतच नाही, डीफॉल्ट एसीएल लागतो. हे सोयीचे आहे. फसगत मास्क नावाच्या ओळीत आहे. एसीएल असलेल्या फाइलीवर चमॉड ६४४ केले तर मधला ४ ग्रुपवर जात नाही, मास्कवर जातो, आणि मास्क आर (फक्त वाचणे) झाला की नावाने दिलेल्या सगळ्या ग्रुपचे हक्क तेवढ्यावर कापले जातात. गेटएफएसीएलमध्ये ‘कामे’समोर आरडब्ल्यू लिहिलेले दिसते आणि त्याच ओळीत पुढे ‘इफेक्टिव्ह’ फक्त आर. पहिला अर्धा भाग वाचून माणूस म्हणतो, परमिशन तर आहे! सिंकथिंगमधली ‘इग्नोर परमिशन्स’ची खूण बंद असेल तर हे चमॉड तेच करत राहते, म्हणून एसीएल वापरणाऱ्याने ती खूण दोनदा तपासावी. दोनच ग्रुप असतील तर एसीएलच्या वाटेला जाऊच नका, दोन वेगळे शेअर करा.

लिहायची गरज नाही तिथे लिहू देऊ नका

खरे सांगायचे तर वरचे निम्मे दुखणे फोल्डर दोन्हीकडून लिहिता येण्यामुळे आहे, आणि टूलरूमला तशी गरज क्वचित असते. ड्रॉइंग ऑफिसात बनते, शेडमध्ये वाचले जाते. मग ‘ड्रॉइंग’ हा फोल्डर ऑफिसात सेंड ओन्ली आणि अंबडला रिसीव्ह ओन्ली ठेवा. अंबडच्या मशीनवर सर्व्हिसचा युमास्क ००२७, डिरेक्टरी २७५०, फाइली ६४०, आणि सांबाचा शेअर रीड ओन्ली. तिथे मग भांडायला दुसरा लिहिणाराच नाही. ऑफिसच्या बाजूला सर्व्हिसला फक्त वाचायचे असते, म्हणजे ६०० च्या फाइली आणि बंद पोटफोल्डर सोडले तर अडण्यासारखे काही उरत नाही.

मशीनवर ऑपरेटरने फीड-स्पीड बदलून सुधारलेले प्रोग्रॅम परत यायला हवेत, त्यांच्यासाठी ‘सुधारित’ हा वेगळा फोल्डर उलट दिशेने : अंबडला सेंड ओन्ली, ऑफिसात रिसीव्ह ओन्ली. अंबडच्या मशीनवर मग दोन्ही प्रकारचे फोल्डर येतात आणि युमास्क एकाच सर्व्हिसला एकच असतो, पण ००२७ ठेवून बिघडत नाही, कारण ‘सुधारित’मध्ये तिथे माणसेच लिहितात. रिसीव्ह ओन्ली बाजूला कुणी चुकून काही बदललेच तर ‘रिव्हर्ट लोकल चेंजेस’ असे बटण दिसते, दाबले की पलीकडच्यासारखे होते. दाबण्याआधी यादी वाचा, त्या बाजूला नव्या बनवलेल्या फाइली त्यात उडतात.

बाकी फुटकळ

‘एसटीफोल्डर’ नावाची लपलेली खूण फोल्डरच्या मुळाशी असते. कुणी ‘हे काय नको ते’ म्हणून ती डिलीट केली की सिंक थांबतो. तक्रार करण्याआधी समजून घ्या, हा गुण आहे : डिस्क जोडलेली नसताना रिकामा फोल्डर दिसला तर सिंकथिंगने ‘सगळे डिलीट झाले’ असे समजून पलीकडचे उडवू नये म्हणून ती खूण आहे. सांबाच्या व्हीटो फाइल्समध्ये तिचे नाव घाला, विंडोजवाल्यांना ती दिसणारच नाही.

‘एसटीइग्नोर’मध्ये कॅडच्या डीडब्ल्यूएल आणि बॅक फाइली, आणि ऑफिसच्या टिल्डे-डॉलरने सुरू होणाऱ्या फाइली टाका. प्रत्येक ओळीपुढे कंसात प्रश्नचिन्ह आणि छोटा डी लिहिला तर पलीकडे फोल्डर डिलीट झाल्यावर या किरकोळ फाइली त्याला अडवून धरत नाहीत. ही यादी स्वतः सिंक होत नाही, दोन्हीकडे लिहावी लागते.

यूएसबी डिस्क एक्सफॅटची असेल तर चमॉडचा काहीच उपयोग नाही, परमिशन माउंट करतानाच ठरतात. एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीत) युआयडी म्हणजे युजर नंबर ‘सिंक’चा, जीआयडी म्हणजे ग्रुप नंबर ‘कामे’चा, डीमास्क ०००७, एफमास्क ०११७. त्यापेक्षा ती डिस्क ईएक्सटी४ ने फॉरमॅट करा. एक्सफॅटला जर्नल नाही आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या सोयीत) चालवणाऱ्यांनी पीजीआयडी या सेटिंगमध्ये ‘कामे’चा नंबर द्यावा, नाव नाही. बाहेर ग्रुपमध्ये घातलेला जोड-ग्रुप आतल्या प्रोसेसला मिळेल असे धरू नका.

आलेल्या फाइलीचा मालक आपोआप वरच्या फोल्डरच्या मालकासारखा करण्याचीही सोय आहे. त्यासाठी सर्व्हिसला कॅप चोन आणि कॅप एफओनर ही दोन अधिकारपत्रे द्यावी लागतात, आणि युनिट फाइलमध्ये ती ओळ टिप्पणी करून ठेवलेलीच असते. प्रत्येकाचे होम वेगवेगळे सिंक करायचे असेल तर ते ठीक. एका सामायिक शेअरसाठी सर्व्हिसच्या हातात कुणाचीही फाइल कुणाच्याही नावावर करण्याचा अधिकार देणे म्हणजे शिपायाकडे तिजोरीची किल्ली देण्यासारखे आहे.

किल्लीवरून आठवले. ‘सिंक’ युजर जितक्या ग्रुपमध्ये आहे तितके सगळे फोल्डर ८३८४ पोर्टवरच्या त्या वेब पानावरून कुठेही पाठवता येतात. पान मुळात फक्त त्याच मशीनवरून उघडते, पण पासवर्ड मुळात नसतो, म्हणजे त्या मशीनवर लॉगिन असलेल्या कुणालाही ते खुले. पगारपत्रकाचा फोल्डर याच सर्व्हिसला जोडण्याआधी पासवर्ड लावा. शक्यतो जोडूच नका.

घ्यावे कुणी, घेऊ नये कुणी

दोन-तीन जागा, पाच-पंधरा माणसे आणि महिन्यातून एकदा टर्मिनल उघडायला न घाबरणारा एक जण, असे असेल तर याहून चांगले फुकटात मिळत नाही. एकच जागा असेल तर सिंकथिंगची गरजच नाही, सांबा पुरे. एकाच दिशेने रात्री एकदा न्यायचे असेल तर आरसिंक ही कॉपी करणारी कमांड बरी. तिला चमॉडचा पर्याय देऊन डिरेक्टरी २७७० आणि फाइली ६६० असे थेट सांगता येते, आणि मग इतके लिहावे लागत नाही. नेक्स्टक्लाउडचा विचार करणाऱ्यांना एक सूचना : त्याचा डेटा फोल्डर वेब सर्व्हरच्या मालकीचा असतो, बाहेरून सांबाने त्यात टाकलेली फाइल स्कॅन चालवल्याशिवाय त्याला दिसत नाही. सर्व्हिस आणि माणसे एकाच फोल्डरमध्ये, ही गरज असेल तर तो रस्ता जास्त खडतर आहे.

एक तक्रार मात्र राहतेच. परमिशनमुळे अडलेली फाइल सिंकथिंग वेब पानावर लाल अक्षरांत दाखवते आणि थांबते. ते पान रोज कोण उघडतो? म्हणून रात्री टाइमरवर तीन फाइंड लावा आणि उत्तर रिकामे नसेल तर मेल येऊ द्या : ‘कामे’ ग्रुप नसलेले काहीही, २०७० पूर्ण नसलेली डिरेक्टरी, ०६० पूर्ण नसलेली फाइल. शोधताना परमिशनच्या आकड्याआधी वजा चिन्ह द्या, म्हणजे ‘निदान इतके बिट हवेत’ असा अर्थ होतो. वजा राहिले तर तंतोतंत तेवढेच बिट असलेल्या सोडून बाकी सगळ्या फाइली शोधल्या जातात आणि यादीत सगळा शेअर येतो. अंबडच्या रीड ओन्ली बाजूला हेच आकडे २०५० आणि ०४० करायचे.